पितृपक्षात घेतलेली गाडी

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळींत गाडी कोणा एकाची नसते. कागदावर नाव एकाचं असतं, हप्तेही तोच भरतो, पण गाडी 'तिकडे' निघाली की ती सगळ्यांची होते. 'तिकडे' म्हणजे भंडारा, नागपूर, वर्धा, अमरावती. जिथून आमचे आजे-पणजे रेल्वेच्या नाही तर सरकारी नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच झाले. कोणाची गाडी तिकडे चालली ही बातमी गाडीच्या आधी गावभर फिरते, आणि फोन सुरू होतात. एक सीट आहे का? मावससासूबाईंना लाखनीला उतरवाल का? एवढी पिशवी नागपूरला अमक्याच्या हातात द्याल का? डिकीत दुबराज तांदळाचं एक पोतं तर ठरलेलंच. भंडारा जिल्ह्यात घरोघरी धान पिकतं, आणि आम्ही तिथे इथून तांदूळ घेऊन जातो! पण गाडी रिकामी नेली म्हणजे माणूस माजला, असा आमच्यात समज आहे.

मला नेमकी तशीच गाडी हवी होती. रिकामी जाणारी. मनात आलं की किल्ली फिरवायची आणि कोणाला न विचारता साकोलीला आईच्या दारात जाऊन उभं राहायचं.

हे वेड कुठून आलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी आईबाबांची एकुलती एक. बाबा गेल्याचा फोन आला तो काही वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सकाळी, चुलतभावाचा. आमच्याकडे तेव्हाही छोटी पेट्रोल गाडी होती, पण ती भिलाईच्या पुढे न्यायची नाही असा घरात अलिखित नियम. लांबचा प्रवास म्हटला की माझ्या भासऱ्यांची, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाची, सात सीटची गाडी. ती लगेच निघाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण निघाली ती गुढियारीला, ह्यांच्या काकूंना घ्यायला. काकूंची अंघोळ व्हायची होती. काकू माझ्या बाबांना उभ्या आयुष्यात दोनदा भेटल्या असतील. तिथून गाडी भनपुरीला. ज्यांना रायपूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, साकोली पश्चिमेला आणि भनपुरी शहराच्या उत्तर टोकाला, म्हणजे चक्क आडरस्त्याला. तिथे भासऱ्यांच्या साडूंचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे, आणि त्यांना नागपूरला जायचंच होतं. मी मागच्या सीटवर मधोमध बसून होते, आणि माझ्या पाठीमागे डिकीत तांदळाचं पोतं चढत होतं.

"दादा, चला न आता," मी म्हटलं.

"चाललोच न. गाडी रिकामी थोडी नेतात?" भासरे म्हणाले.

ते रागानं बोलले नाहीत. रीतच ती, त्यात त्यांना वावगं काही दिसलं नाही. आम्ही साकोलीला पोचलो तेव्हा लोक घाटावरून परत येत होते, ओल्या धोतरांनी. मे महिन्याचं ऊन, किती थांबणार? चुलतभावानं अग्नी दिला होता. त्याचं त्यानं केलं. मला फक्त एकदा बाबांचं तोंड पाहायचं होतं. ते राहिलं, आणि ते राहिलं एका बाईच्या अंघोळीपायी आणि एका पोत्यापायी. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. मोठ्या मनाची वगैरे व्हायची मला हौस नाही.

आता आई ऐंशीला टेकली आहे. त्याच घरात एकटी राहते. रायपूरला चल म्हटलं की म्हणते, "तुमच्या फ्लॅटमध्ये ओसरी कुठं आहे?" साकोलीला रेल्वेनं जायचं तर गोंदियाला उतरा, मग बस पकडा. पुढचा फोन कधी येईल ते सांगता येत नाही. तो आला की पुन्हा गुढियारी, पुन्हा भनपुरी. ह्या विचारानं भर कचेरीत मी हातातली फाइल मिटून ठेवायची. मी पाटबंधारे खात्यात नोकरी करते. गाडी चालवायला केव्हाच शिकले होते. छोटी गाडी अर्धा वेळ माझ्याच हातात असते. म्हणून ठरवलं की लांबच्या रस्त्याला टिकेल अशी स्वतःची गाडी घ्यायची. नवी परवडत नव्हती. मग जुनी.

कचेरीतल्या एका मैत्रिणीनं तेलीबांध्याच्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यांची गाडी विकायची होती. युरोपातल्या कंपनीची, डिझेल, गडद निळी. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की आमच्यातले निम्मे लोक म्हणतील, "ह्या कंपनीची? मंग भोग आता."

पहिल्या दिवशी डॉक्टर साहेबांनी मला पाहून विचारलं, "साहब नहीं आए?" मी म्हटलं, "साहब को गाड़ी नहीं लेनी है." मग नव्या रायपूरच्या रुंद मोकळ्या रस्त्यावर मी ती चालवून पाहिली, आणि खरं सांगते, मी हरखले. दार लावलं की कोठीचं झाकण बसावं तसा आवाज. तिसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला तर कोणीतरी पाठीला हात लावून पुढे ढकलावं तशी ती निघाली. बाजूनं लोखंडाच्या सळयांचा ट्रक गेला तरी हलली नाही. आमची छोटी गाडी अशा वेळी मनातल्या मनात रामरक्षा म्हणते.

पण हरखणं वेगळं आणि फसणं वेगळं. परत आल्यावर आठवलं की सुरू करण्याआधी मी बॉनेटवर हात ठेवला होता आणि ते चांगलं गरम होतं. डिझेल गाडीची खरी ओळख थंड इंजिनावर होते. आधीच तापवून ठेवलेली गाडी कोणालाही गुणी वाटते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "सुबह थोड़ा चला के रखी थी, आपके लिए." म्हटलं, माझ्यासाठी उद्या नका चालवू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा व्हायच्या आत मी दारात हजर. बॉनेट गार. किल्ली फिरवली. गाडी जरा कुरकुरली, खडखडली, मागून थोडा काळा धूर टाकला आणि मग एका सुरात चालू लागली. तो धूर पाहून मला उलट बरं वाटलं. निदान ती खोटं बोलत नव्हती.

घरी मात्र आगडोंब. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं एकेकाचं. भासरे मुद्दाम चहाला आले. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," त्यांनी सुरुवातच अशी केली. "एक तं जुनी, त्यात विदेशी, त्यात डिझेल. पार्ट लागला तं काय विमानानं आणशील?"

"आणीन."

"डिझेल गाडी दहा वर्षांत भंगारात जाते, माहीत आहे न तुले?"

"तो दिल्लीचा नियम आहे दादा. आपण रायपुरात राहून राहिलो."

त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. कंपनीनं आपल्याकडे डिझेल गाड्या करणं बंद केलं होतं. पार्ट महाग, कधी कधी आठवडा-आठवडा वाट पाहावी लागते. गल्लीतला मेकॅनिक अशा गाडीला हात लावत नाही. हे सगळं मी फोनवर वाचून, लोकांना विचारून आधीच गोळा केलं होतं, आणि काही दिवस खरोखर वाटलं की सोडावं हे खूळ, उगाच हत्ती पोसायचा. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला फोन केला. ती मराठी समजते सगळं, उत्तर हिंदीत देते. "मम्मी, अब डीज़ल कौन लेता है? इलेक्ट्रिक ले लो न."

"आजीकडे दुपारची लाइट जाते, चार्ज कुठं करू? चुलीवर?"

"तो फिर टैक्सी बुला लिया करो."

टॅक्सी! टॅक्सीनं गेले असते तर बाबा दिसले असते का? दिसलेही असते. पण त्या दिवशी घरात 'टॅक्सी कर' म्हणायचं कोणाला सुचलं नाही, आणि मी म्हटलं असतं तर 'घरची गाडी असताना?' हेच उत्तर आलं असतं. मुलीला मी एवढंच म्हटलं, बरं, पाहू. ज्याचं जळतं त्याला कळतं.

ह्यांचं काय? ह्यांचं एकच वाक्य, "दादाले एकदा विचारतो." लग्नापासून ते हेच ऐकवत आले आहेत. मी म्हटलं, विचारू नका, फक्त माझ्यासोबत भनपुरीला चला. तिथे अशा गाड्यांचं काम करणारा एक गॅरेजवाला आहे असं कळलं होतं. डॉक्टरांच्या परवानगीनं गाडी तिकडे नेली. मी चालवत, हे बाजूला.

गॅरेजवाल्यानं गाडी लिफ्टवर चढवली, खालून टॉर्च मारला, कॉम्प्युटर जोडला आणि मग सगळं ह्यांना सांगायला लागला. "भैया, टाइमिंग बेल्ट पुराना है. भैया, क्लच भी थोड़ा भारी है." प्रश्न मी विचारायची, उत्तर ह्यांना मिळायचं. मी विचारलं, "इंजेक्टर कसे आहेत? इंजेक्टर देखे?" तो ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "इंजेक्टर ठीक हैं भैया." ह्यांना टायमिंग बेल्ट आणि पँटचा बेल्ट ह्यातला फरक माहीत नाही. ते आपले मान डोलवत होते. माझा पारा चढत चालला होता, तोंड उघडणार एवढ्यात हेच म्हणाले, "इनसे बात करो. गाड़ी इनकी है."

साधं वाक्य. पण ह्या माणसानं माझ्या बाजूनं चारचौघांत बोललेलं ते पहिलंच होतं. गॅरेजवाल्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "दीदी, जाना कहाँ रहता है? शहर में ही चलाना है तो मत लीजिए, सिरदर्द है."

"साकोली. मन हुआ तो हर हफ्ते."

"तब ले लीजिए. पर बेल्ट पहले बदलवाना, सौ काम छोड़ के."

हो म्हणायला मला एवढंच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं की घेते, बेल्टचा खर्च किमतीतून वजा करा. ते कबूल झाले. पितृपक्ष सुरू झाला होता, त्यात गाडीला दुसरं गिऱ्हाईक मिळणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

पितृपक्षात आमच्याकडे कोणी सुईसुद्धा विकत घेत नाही. दसऱ्यापर्यंत थांब, असं सगळ्यांचं म्हणणं. दसऱ्यापर्यंत डॉक्टर रायपूर सोडून जाणार होते. पण ते कारण मी कोणाला दिलं नाही. का द्यावं?

माझ्या सासऱ्यांच्या श्राद्धाला आम्ही सगळे भासऱ्यांकडे जमलो होतो. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. कावळ्याचा घास ठेवून झाला, पंगत बसली आणि भासऱ्यांनी विषय काढला. "पितृपक्षात गाडी घेऊन राहिली म्हणे तू?"

"हव. घेतली. परवा घरी येते."

काकू माझ्या समोरच बसल्या होत्या, गुढियारीच्या. हातातला वडा तसाच ठेवून म्हणाल्या, "असं नाही करू बाई. पितर कोपतात."

मी ठरवून काही आले नव्हते. पण पोटातलं इतक्या वर्षांचं आपोआप तोंडात आलं. "माझे बाबाही पितरांतच आहेत, काकू. त्या दिवशी ते माझी वाट पाहून राहिले होते, अन् मी गुढियारीत तुमची. त्यांले ह्या गाडीचा राग नाही येणार."

माझी जाऊ कढी वाढत होती, ती माझ्या वाटीत कढी ओततच राहिली, वाटी भरून पानात सांडेपर्यंत. भासऱ्यांनी खाली मान घालून भात कालवला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. वर मी खीर मागून घेतली.

गाडी आली. मी चाकाखाली लिंबू ठेवला नाही, नारळ फोडला नाही. बेल्ट बदलून आणला, टाकी भरली, झालं.

आणि मग काय व्हावं? ज्यांनी 'नको नको' म्हणून जीव खाल्ला होता त्यांचेच फोन! भनपुरीच्या साडूंचा निरोप आला की आता गाडी झालीच आहे तर तांदळाची दोन पोती आहेत. जावेच्या माहेरच्या कोणाला लाखनीला जायचं होतं. कळस म्हणजे काकूंचा फोन. पंगतीतलं सगळं गिळून, अगदी गोड आवाजात, "तिकडं कधी चालली वं? मले भावाकडं सोडशील का?"

"जागा नाही काकू."

"काहून? पाच सीटची गाडी, अन् तू एकटी."

"एकटीच जाईन म्हणून तं घेतली."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. आता मंडळात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. गाडी आली अन् शेफारली. बोलू देत. प्रसंग पडला, कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर ही गाडी निघेल आणि मीच चालवीन. पण माझ्या माहेरचा रस्ता मी कोणाशी वाटून घेणार नाही.

पुढच्या शनिवारी सुट्टी होती. बाबांची तिथी होऊन गेली होती, ती चुलतभाऊ करतो. सण नाही, लग्न नाही, कोणी आजारी नाही. सकाळी मी पिशवीत दोन साड्या टाकल्या. ह्यांनी विचारलं, "मी येऊ?"

"ह्या वेळी नको."

"दादाले सांगू का?"

"सांगा. पण मी शहराबाहेर, कुम्हारीच्या पुढं गेल्यावर."

हे हसले. टाटीबंधच्या चौकात ट्रकांच्या गर्दीतून निघाले, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव मागे पडलं. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. कोणाला उलटी होत नव्हती, कोणाला चहा प्यायचा नव्हता, कोणी म्हणत नव्हतं की जरा सावकाश. मी मोठ्यानं गाणं म्हटलं, अगदी बेसूर. बाघनदी ओलांडून महाराष्ट्रात शिरले आणि देवरीच्या जंगलात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. भासऱ्यांचं विमान, गॅरेजवाल्याचं 'सिरदर्द', सगळं एका क्षणात कानात वाजलं. गाडी बाजूला घेतली, गाडीचं माहितीपुस्तक काढून पाहिलं. काच धुण्याचं पाणी संपलं होतं! माझ्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, त्या दिव्याला आणि सगळ्या नातेवाइकांना एक शिवी हासडली आणि निघाले.

दुपारी साकोलीला घरासमोर गाडी लावली. आई ओसरीवर अंबाडीची भाजी निसत बसली होती. अनोळखी गाडी पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला. मी उतरले तशी ती खांबाला धरून उभी राहिली. मांडीवरची भाजी खाली सांडली, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, गाडीच्या मागच्या दारांकडे पाहत होती, आता ती उघडतील आणि लोक उतरतील म्हणून. दारं उघडली नाहीत. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलेलं.

"कोण गेलं वं?" तिनं विचारलं.

लग्न होऊन मी रायपूरला गेले तेव्हापासून ह्या दारात आले ती लग्नांना, बारशांना आणि तेराव्यांना. तेही गाडीभर माणसं घेऊन. अशी एकटी, दुपारची, कारणाशिवाय मी एकदाही आले नव्हते.

"कोणी नाही गेलं, आई. मी सहज आली."

"सहज?"

"हव. सहज."

ती पायरी उतरून आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"खोटं बोलून राहिली तू," ती म्हणाली. "मंग रडून काहून राहिली?"